मामांच्या नडगीतले पाहुणे

नाशकात येणाऱ्या मेलेल्या माणसांचा सगळ्यात मोठा यजमान कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या सौ.च्या थोरल्या मामांकडे बोट दाखवीन. जिवंत पाहुण्यांची सरबराई कुणीही करतो. पुढेमागे त्यांच्याकडे आपल्यालाही उतरायचं असतं. मामांनी मात्र परतफेडीची काडीइतकी आशा नसलेल्या पाहुण्यांसाठी आयुष्यभर दार उघडं ठेवलं. सटाण्याकडे त्यांचा मोठा गोतावळा. तिकडे नातलग, नातलगाचा नातलग किंवा नुसता बाजारात रामराम करणारा माणूस जरी गेला, तरी त्याच्या अस्थी फडक्यात बांधून एसटीने नाशकाला निघत, नाशकातल्या द्वारका चौकात उतरून रिक्षाने पंचवटीत येत आणि मामांच्या फाटकातून अहिराणीत हाक येई, "मामा घर शेतस का?" रामकुंडात अस्थी सोडल्या की त्या विरघळून जातात आणि माणूस मोकळा होतो, ही सगळ्या मुलखाची श्रद्धा, आणि ते काम मामांच्या हातून झालं म्हणजे पक्कं झालं, ही सटाण्याकडच्या बागलाणाची श्रद्धा. अस्थी घरात घ्यायच्या नसतात म्हणून गाठोडं अंगणातल्या चाफ्याला टांगत. तेवढ्याने मामांचं यजमानपण संपत नसे. सकाळी दात घासता घासता ते चाफ्यापाशी जाऊन, "काय आण्णा, डास लय होते का रात्री?" अशी चौकशी करून येत.

मामांचा खरा धंदा फुलांचा. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा होता. गुलाब, शेवंती, झेंडू. पहाटे उकिडवं बसून फुलं खुडायची, सकाळी बाजारात उकिडवं बसून ती विकायची आणि दुपारी गंगेवर उकिडवं बसून कुणाला तरी मार्गी लावायचं, असा त्यांचा दिनक्रम. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. दुसऱ्या गंगेचा विषय निघालाच तर तिला काशीची म्हणतो.) गंगेवर गुरुजी मंत्र म्हणत असत, पण शेवटचा निरोप मामा स्वतः आणि मोठ्याने देत. एकदा एका महाचिक्कट तात्यांच्या अस्थींची गाठ काही केल्या सुटेना. मुलगे, सुना, लेकी रडताहेत, आणि मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून गाठोड्याला म्हणाले, "तात्या, आता तरी सोडा की." रडणाऱ्या सुनांना हसू आवरेना आणि सासरा गेल्याचं दुःख तिथल्या तिथे निम्मं झालं. परत येताना मामा नेहमीचं वाक्य म्हणाले, "माझ्या हातून गेलेला एक बी माणूस वाटंत अडकलेला नाय." सगळी पोरं पास झालेल्या मास्तरांचा अभिमान त्या वाक्यात असे.

पण जन्मभर उकिडवं बसण्याची किंमत गुडघ्यांनी मोजली. एकोणीसशे नव्वदचं दशक सरता सरता मामांचे पाय असे काही बाहेर वाकले की ते समोरून चालत आले तर मधून मागचा रस्ता दिसे. उजवा पाय तर फारच. घाटाच्या पायऱ्या ते बसून, सरपटत उतरू लागले. एकदा तेही जमेना. सटाण्याची मंडळी गाठोडं घेऊन दारात, आणि मामांना अंगणसुद्धा ओलांडवेना. अखेर त्यांनी भाचजावई म्हणून मला पुढे केलं. मी विमा कचेरीतला माणूस. मरणाशी माझा संबंध कागदोपत्री. शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय सटकला, आणि अस्थी तर गेल्याच, पाठोपाठ माझा चष्मा आणि त्यापाठोपाठ मीही गेलो. मंडळींनी आधी मला काढलं. घरी येऊन त्यांनी मामांना विचारलं की अशा घाईगर्दीत गेलेला माणूस पोचलेला धरायचा की नाही. मामांनी आपले गुडघे एकदा दाबून पाहिले. मग मला म्हणाले, "जावईबापू, उद्या त्या हाडाच्या डॉक्टरकडं चला. हे काम मलाच केलं पायजे."

डॉक्टर तरुण होते आणि सोशीक होते. यातला दुसरा गुण पुढे फार उपयोगी पडला. त्यांनी एक्स-रे उजेडापुढे धरून दाखवला. गुडघ्याचा सांधा बदलायचा होताच, पण अडचण त्याच्याखाली होती. सगळं वजन वर्षानुवर्षं आतल्या बाजूला पडून नडगीच्या हाडाचं डोकं तिथे खचलं होतं, चांगला खोल खड्डा पडला होता. नवा सांधा बसतो तो त्या हाडाच्या डोक्यावर. "मामा, जमीन खचली असेल तर फरशी बसवण्याआधी काय करतात?" डॉक्टरांनी विचारलं. "भर घालतात," मामा म्हणाले, आणि लगेच शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न, "भर कुठून आणणार?" डॉक्टर म्हणाले, भर हाडाचीच. सांधा बसवताना तुमच्याच हाडाचे जे तुकडे कापून निघतात ते वापरू, पण खड्डा मोठा आणि घरचा माल कमी; तेव्हा थोडं दुसऱ्याचं हाड घ्यावं लागेल. ते खड्ड्याच्या मापाने कोरून स्क्रूने पक्कं करायचं, वर सांधा बसवायचा, आणि मग तुमचं हाड हळूहळू त्या हाडात शिरून सगळं एकजीव होतं.

"दुसऱ्याचं म्हंजे कुणाचं?" मामांनी विचारलं. ते सांगायचं नसतं, डॉक्टर म्हणाले. नाव नको, गाव सांगा, मामा म्हणाले. गावही नाही. मग कूळ? डॉक्टरांनी समजावलं की हाड तपासलेलं असतं, स्वच्छ केलेलं असतं, हाडांच्या बँकेत खोल गोठवून ठेवलेलं असतं. या बँकेचं ऐकून मामी पहिल्यांदा बोलल्या. फ्रिजात अजून काय काय ठेवता, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

मामांची काळजी मात्र वेगळी होती आणि ती त्यांनी मला रिक्षात सांगितली. हाड दिलंय म्हणजे माणूस गेलाय. गेलेल्या माणसाच्या अस्थी त्याच्या लोकांनी सोडल्या असतील, पण त्यातला एक तुकडा बँकेत राहिला. म्हणजे तो माणूस निघाला खरा, पण पोचला नाही. आणि आता तो तुकडा जाणार कुणाच्या पायात, तर ज्याच्या हातून आजवर एकही माणूस अडकला नाही त्याच्या. मी म्हटलं, मामा, एवढा विचार करू नका. ते म्हणाले, "करायलाच पायजे. पाहुणा अंगणात नाय, आपल्या अंगात उतरणार हाय. त्याला पोचवायची जोखीम आता आपली." त्या एका अटीवर, म्हणजे स्वतःच स्वतःला घातलेल्या, मामा ऑपरेशनला तयार झाले.

ऑपरेशन नामी झालं. काही आठवडे वॉकर, मग काठी, मग काठी नुसती काखेत. उजवा पाय छडीसारखा सरळ आणि डावा तसाच कमानदार, त्यामुळे काही काळ मामा चालताना एका पावलाला उंच आणि एका पावलाला बुटके दिसत. पुढे डाव्याचंही ऑपरेशन झालं, पण तिथे खड्डा लहान होता आणि मामांचंच कापलेलं हाड भरीला पुरलं. म्हणून डाव्याला ते 'घरचा पाय' म्हणत. उजव्याच्या आतल्याला 'पाहुणे'. दोन्ही पाय सरळ झाल्यावर मामांची उंची वाढली, धोतर आखूड पडू लागलं, आणि जन्मभर ज्यांच्याकडे खालमानेने पाहिलं त्या नवऱ्याकडे आता मान वर करून पाहावं लागतं अशी मामींची तक्रार सुरू झाली.

हे पाहुणे मामांनी इतके लाडावून ठेवले की घरातला खराखुरा जावई असून मला त्यांचा हेवा वाटे. खुर्चीतून उठताना मामा गुडघ्यावर थाप मारून "चला पाहुणे" म्हणत. थंडीत आधी पाहुण्यांना लोकरीची पट्टी, मग स्वतःला स्वेटर. मामांनी जन्मात क्रिकेट पाहिलं नव्हतं, ते आता दिवसदिवस टीव्हीपुढून हलेनात. मळ्यात कोण जाणार, असं मामी विचारत, तर उत्तर तयार असे की मला काय त्या चेंडूफळीचं, पाहुण्यांना नाद आहे. मामांना साखरेचा आजार होता आणि गोड बंद होतं. पण रविवारी सकाळी ते माझ्याकडून गुपचूप जिलबी मागवत आणि मामींनी पकडलं की म्हणत, "साखर मला हाय, पाहुण्यांना नाय." यावर मामी एकदाच बोलल्या, पण नेमकं बोलल्या. "मग त्यांना म्हणावं, गुडघ्यानं खा."

एवढं सगळं झालं तरी मामा कर्तव्य विसरले नव्हते. पायऱ्या उतरायची परवानगी मिळाल्यापासून ते दर अमावास्येला रामकुंडावर जात, उजवा पाय तेवढा पाण्यात सोडून बसत आणि त्या माणसाला सांगत की सध्या एवढंच, बाकी माझ्याबरोबर. सर्वपित्रीला त्यांनी पाहुण्यांचं साग्रसंगीत करायचं ठरवलं. मला रजा घ्यायला लावली. गुरुजींनी नाव विचारलं, मामा म्हणाले ठाऊक नाही. गोत्र विचारलं, तेही ठाऊक नाही. ठाऊक नसलं की काश्यप, असं म्हणून गुरुजींनी गाडी पुढे काढली. तीळ सोडले, पाणी सोडलं, पिंड ठेवला, आणि आम्ही कावळ्याची वाट पाहत बसलो.

त्या दिवशी रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा. डावीकडच्या पानाला शिवले, उजवीकडच्या पानाला शिवले, आमच्या पानाभोवती मात्र एक कावळा चालत चालत फेरी मारून गेला आणि शेजारच्यांच्या भज्यांवर बसला. माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि घरच्यांनी ती पुरी करण्याचं वचन दिलं की शिवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इथे इच्छा माहीत असणारं कुणी नव्हतंच. मामा हात जोडून एकेक वचन देऊ लागले. जमिनीचा वाद असेल तर मिटवीन. लेकीचं लग्न राहिलं असेल तर लावून देईन. नातवाला नोकरीला लावीन, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी घाईघाईने कावळ्यांकडे पाहू लागलो. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून टाकू, शास्त्राला मान्य आहे. मामा ऐकेनात. खऱ्या माणसाला खोटा कावळा चालायचा नाही, म्हणाले. शेवटी एका गाईने येऊन पान साफ केलं आणि आम्ही मान खाली घालून घरी आलो. मामा दोन घास जेवले. संध्याकाळी अंगणात बसून ते गुडघ्यावरून हात फिरवत होते, आणि त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे. त्यांनी नवा एक्स-रे काढला आणि फार खूश झाले. हाड सुरेख जुळलंय, कुठलं कुणाचं ते आता मलाही दाखवता येणार नाही, म्हणाले. मामा म्हणाले, हाड जुळलं हो, पण माणूस खूश नाही. आणि त्यांनी कावळ्याची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टर ऐकत गेले, मग चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "मामा, कावळा कसा शिवेल? ते माणूस जिवंत आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते आधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण मामा काय धरून चाललेत याची त्यांना कल्पनाच नव्हती. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून टाकावा लागतो. एरवी तो फुकट जातो. पेशंटने संमती दिली तर तो जपून ठेवतात आणि मामांसारख्याची नडगी त्याने भरतात. देणारं माणूस नव्या खुब्यावर हिंडत-फिरत असतं. मामांचा चेहरा उतरला. "मी जित्या माणसाला तिळाचं पाणी दिलं?" त्यांनी विचारलं. डॉक्टर धीर द्यायला म्हणाले, अहो, काही होत नाही, मागच्याच महिन्यात तपासणीला आल्या होत्या, माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन. एवढं बोलून त्यांनी जीभ चावली, पण व्हायचं ते झालं होतं. पाहुणे बाई होते.

घरी येईपर्यंत मामांनी उजव्या गुडघ्याला हात लावला नाही. मामींना सांगायचं नाही, एवढी खूण त्यांनी मला केली, म्हणून मी आत जाऊन मामींना सगळं सांगितलं. मामी आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर काढून हसल्या. "आवं, परक्या बाईच्या नावावर जिलब्या खाल्ल्या इतके दिवस," म्हणाल्या. पण मामा हसले नाहीत तेव्हा त्यांनीही हसू आवरलं. मी म्हटलं, मामा, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "ती बातमी, जावईबापू. मी इधी केलाय. माझ्या हातचं वाया जात नाय."

आजवर ज्याचा अभिमान धरला त्याचीच त्यांना आता धास्ती बसली. आपल्या हाताने गेलेला माणूस पोचतोच, मग त्या बाईचं काय होणार? पुढचे काही महिने मामा वेड लागल्यासारखे वागले. बाजारात, देवळात, रस्त्यात जी म्हातारी दिसेल तिची चाल ते टक लावून पाहत. खुब्याचं ऑपरेशन झालेलं चालीवरून कळतं अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. एकदा तर फूलबाजारात ते एका आजीबाईंच्या मागे बराच वेळ चालत गेले आणि आजींनी वळून पिशवी उगारली, तेव्हा मलाच मध्ये पडून हे माझे मामेसासरे आहेत आणि सज्जन आहेत अशी ग्वाही द्यावी लागली. आजींनी पहिल्यावर विश्वास ठेवला.

शेवटी मामींनीच वाट काढली. बाई आहे ना, मग बहीण म्हणा आणि तिच्यासाठी देवाकडे मागा, आपल्यासाठी मागता तसं. मग सोमवार पाहून आम्ही तिघे त्र्यंबकेश्वरला गेलो. मामांनी अभिषेक केला, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर मामींनी विचारलं काय मागितलंत. मामा म्हणाले, "तिला माझ्याआधी नेऊ नको म्हनलं." मामी चटकन दुसरीकडे बघू लागल्या. या मागण्याचा दुसरा अर्थ त्यांच्या ध्यानात आला होता.

त्यानंतर मामा हळूहळू पुन्हा पहिल्यासारखे झाले. चाफ्याला गाठोडी टांगली जाऊ लागली, मामा सरळ पायांनी ताठ पायऱ्या उतरू लागले, मोठ्याने निरोप देऊ लागले. फक्त जिलबी खाल्ली नाही. पाहुण्यांऐवजी 'आमच्या ताई' म्हणू लागले. आणि मला पुन्हा पुन्हा एक गोष्ट बजावून ठेवली. मी आधी गेलो तर माझ्याबरोबर ताईचंही थोडं जाईल. गंगेला वाटेल, बाई आली. तेव्हा सोडण्याआधी तिला सांगायचं, की नाही आली म्हणून. आणि हे सांगण्याआधी ताई आहे की नाही याची खात्री करून घ्यायची. गंगेशी खोटं बोलायचं नाही.

मामा सिंहस्थानंतर दोन-तीन वर्षांनी गेले, दुपारच्या झोपेत, कुणाला काही त्रास न देता. तिसऱ्या दिवशी राख सावडताना धातूचे दोन्ही सांधे जसेच्या तसे निघाले. हाडं मात्र सगळी सारखीच होती. सटाण्याची मंडळी जमली होती. इतकी की रामकुंडाचा एक कोपरा भरला. पण मामी कलश हातातून सोडेनात. म्हणाल्या, आधी विचारून या. मी तसाच ओल्या धोतराने डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. मला त्या अवतारात पाहून डॉक्टरांनी काय ते ओळखलं. पेशंटबद्दल बोलायचं नसतं हा त्यांचा नियम होता. ते उठून दार लोटून आले आणि म्हणाले, "आहेत. नातीच्या लग्नात फुगडी घालू का, म्हणून विचारत होत्या. मी नको म्हटलंय."

परत आलो. मामींनी कलश दिला. शेवटच्या पायरीवर मी पुन्हा घसरू नये म्हणून सगळे मला धरून होते. मोठ्याने बोलायची मला लाज वाटत होती, पण मामांची रीत मोडावी असंही वाटेना. मी पाण्याकडे पाहून म्हणालो, की हे आमचे मामा आहेत, आणि यात एका बाईंचं थोडंसं आहे, पण बाई आलेल्या नाहीत, त्या मजेत आहेत, त्यांना बोलावू नकोस.

"सांगितलं का नीट?" मागून मामींनी विचारलं.

सांगितलं, मी म्हणालो.

"मग सोडा आता."

मी कलश पाण्याला टेकवला, पण मला सोडवेना. सटाण्याचं कुणीतरी हळूच माझ्या हाताला हात लावला, आणि मग दोघांनी मिळून तो कलता केला.